विश्लेषण : मोहल्ला समित्या विरल्या, वीज करार टिकला… भिवंडीचे दोन प्रयोग प्रशासनाच्या विद्यार्थ्यांना काय शिकवतात?

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वैकल्पिक विषयांत लोकप्रशासनही आले. अभ्यासिकांमधल्या टेबलांवर वुड्रो विल्सन आणि मॅक्स वेबर यांची नावे असलेल्या नोट्स पुन्हा दिसू लागल्या. या नोट्समध्ये अमेरिका असते, जर्मनी असते, ब्रिटन असते. ठाण्याची खाडी ओलांडली की लागणारी भिवंडी मात्र क्वचितच असते. वास्तविक गेल्या चार दशकांत देशभर चर्चिले गेलेले प्रशासनाचे दोन प्रयोग याच शहरात झाले. एक पोलिसांचा, दुसरा विजेचा. पहिल्याने माणसे वाचवली, पण तो टिकला नाही. दुसऱ्याने गळती रोखली, तो टिकला, पण त्याच्या प्रती इतरत्र फसल्या. प्रयोग यशस्वी होणे आणि तो टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, हे या दोन्हींतून कळते.

व्यूहात्मक शासन म्हणजे नेमके काय?

शब्द जड आहे, कल्पना तितकी जड नाही. रोजची फाइल रोज हातावेगळी करणे हे प्रशासन झाले. कोणती कामे सरकारने स्वतः करायची, कोणती दुसऱ्याकडून करून घ्यायची, त्यासाठी पैसा आणि माणसे कुठे लावायची आणि पाच-दहा वर्षांनी काय दिसायला हवे, हे आधी ठरवून त्याप्रमाणे वागणे म्हणजे व्यूहात्मक शासन. १९९२ मध्ये डेव्हिड ऑस्बोर्न आणि टेड गेब्लर या अमेरिकी लेखकांनी ‘रीइन्व्हेंटिंग गव्हर्नमेंट’ या पुस्तकात सरकारने वल्ही मारण्यापेक्षा सुकाणू धरावे, असा विचार मांडला आणि तो जगभर पसरला. भारतात आर्थिक उदारीकरणाचा काळ होता. कल्पनेला इथेही लगेच जागा मिळाली.

या विचारात एक अडचण आहे. सुकाणू धरणारा हात दर तीन वर्षांनी बदलतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्यात अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे. प्रत्यक्षात तो अनेकदा त्याहून कमी भरतो. दहा वर्षांचा विचार तीन वर्षांच्या खुर्चीत बसून करायचा, हा पेच भिवंडीच्या दोन्ही प्रयोगांच्या मुळाशी आहे.

भिवंडीच का?

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सात लाखांवर. लाखो यंत्रमाग. मागांचे मालक बरेचसे मुस्लिम, सूत आणि कापडाचे व्यापारी बरेचसे हिंदू, कामगार उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले, शिवाय आगरी-कोळी आणि इतर स्थानिक समाज. एकमेकांवाचून कोणाचेच चालत नाही, असे हे गाव. तरीही १९७० आणि १९८४ मध्ये ते पेटले.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेली दंगल जळगाव आणि महाडपर्यंत पोहोचली. चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मदन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने दंगलीइतकेच त्यानंतरच्या पोलीस तपासावरही कठोर ताशेरे ओढले. मे १९८४ मध्ये पुन्हा भडका उडाला. या वेळी आग भिवंडीतून ठाणे आणि मुंबईपर्यंत गेली, अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. ‘भिवंडी’ हा शब्दच तेव्हा पोलिसांच्या भाषेत ‘संवेदनशील’चा पर्याय होऊन बसला.

दंगलीचा हिशेब इथे मागाच्या खडखडाटात होतो. कामगाराला मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. संचारबंदी लागली की माग बंद, माग बंद की त्या दिवसाची मजुरी गेली. परराज्यातला कामगार गावाकडची गाडी पकडतो, तो परत येईपर्यंत मालकाचा कारखाना थंड राहतो आणि व्यापाऱ्याचे सूत गोदामात पडून राहते.

मोहल्ला समित्या काय होत्या?

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्याआधीही शहरात शांतता समिती होती, जशी प्रत्येक शहरात असते. तिची रीत ठरलेली. सण जवळ आला किंवा तणाव निर्माण झाला की पोलीस ठाण्यात बैठक बोलवायची, दोन्ही बाजूंचे पुढारी समोरासमोर खुर्च्यांवर बसायचे, भाईचाऱ्याची भाषणे व्हायची, चहा व्हायचा आणि सगळे आपापल्या वस्तीत परत जायचे. जे पुढारी तिथे शांततेवर बोलत, त्यांतल्या काहींचे राजकारण तणावावरच चाले, ही गोष्ट सर्वांनाच ठाऊक होती.

खोपडे यांनी हा आराखडाच उलटा केला. शहरभर वस्तीवार सुमारे सत्तर समित्या उभ्या राहिल्या. त्यांत हिंदू आणि मुस्लिम सदस्य साधारण समसमान. भर पुढाऱ्यांवर नव्हता, त्या वस्तीत रोज राहणाऱ्या माणसांवर होता: दुकानदार, शिक्षक, कारखानदार, कामगार. समितीची गाठ त्या भागाचे काम पाहणाऱ्या पोलिसाशी बांधलेली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बैठक तणाव नसतानाही व्हायची.

तणाव नसताना बैठकीत बोलायचे काय? नळावरचे भांडण, गटाराचे पाणी, रस्त्यावर आलेला ओटा, दोन घरांतला वाद, पोरांची मारामारी. दंगलशास्त्राच्या पुस्तकात या गोष्टींना जागा नसते. पण अफवा पसरते ती याच भांडणांच्या जमिनीवर. नळावर दोन बायकांत वाजले आणि दोघींचे धर्म वेगळे असले, की संध्याकाळपर्यंत ते दोन समाजांचे भांडण होऊ शकते. समितीत बसलेली माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली, तेव्हा रात्री अकराला ‘पलीकडच्या गल्लीत मूर्ती फोडली’ असे कोणी सांगत आले, तर पलीकडच्या गल्लीत विचारायचे कोणाला हे माहीत असे. मोबाइल फोन नव्हता त्या काळातली ही गोष्ट आहे.

पोलिसांच्या बाजूनेही बदल घडला, आणि त्याची चर्चा कमी होते. हवालदाराला वस्तीतली माहिती एरवी खबऱ्याकडून मिळते; खबऱ्याचा स्वतःचा काही हिशेब असतो. समितीत बसल्यावर तीच माहिती उघडपणे, दोन्ही बाजूंकडून, सगळ्यांसमोर मिळू लागली. खालच्या पायरीवरच्या पोलिसाला, ज्याला एरवी बंदोबस्तात उभे राहण्यापलीकडे काम नसते, त्याला वस्तीत एक स्थान मिळाले.

डिसेंबर १९९२ मध्ये काय घडले?

६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईत झालेल्या दंगलींत ९०० माणसे मेल्याची नोंद श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे. मुंबईपासून तासा-दीड तासाच्या अंतरावरची, १९७० आणि १९८४ चा इतिहास असलेली भिवंडी मात्र शांत राहिली.

या शांततेने अभ्यासकांचे लक्ष वेधले. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एथ्निक कॉन्फ्लिक्ट अँड सिव्हिक लाइफ’ या ग्रंथात देशातील सहा शहरांची जोड्याजोड्यांनी तुलना केली. अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनऊ, अहमदाबाद आणि सुरत. व्यापारी संघटना, कामगार संघटना, क्लब, पक्ष यांत दोन्ही समाजांची माणसे जिथे एकत्र असतात, तिथे ठिणगी पडली तरी आग भडकत नाही, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. भिवंडीचा उल्लेख त्यात वेगळ्या कारणासाठी येतो. कालिकतमध्ये असे संबंध दीर्घ काळात आपोआप विणले गेले होते. भिवंडीत ते एका सरकारी खात्याने, ठरवून, चार-पाच वर्षांत विणले. समाजातली वीण सरकारला घडवता येते का, या प्रश्नाचे ‘येते’ असे उत्तर देणारे हे दुर्मीळ उदाहरण होते. खोपडे यांनी स्वतःही या अनुभवावर पुस्तक लिहिले.

मुंबईने पुढे हाच धागा उचलला. १९९४ च्या सुमारास तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिटी चळवळ सुरू झाली. तिची नंतर विश्वस्त संस्था झाली. पोलीस आयुक्त बदलत गेले तरी संस्थेतली नागरिक मंडळी राहिली. हा तपशील छोटा वाटतो, पण पुढच्या गोष्टीत तोच कळीचा ठरतो.

मग २००६ मध्ये काय बिघडले?

भिवंडीत समित्यांचा प्राण पोलीस उपायुक्ताच्या कार्यालयात होता. खोपडे यांच्यानंतरही काही काळ समित्या चालल्या. पण त्यांना कायद्यात स्थान नव्हते, स्वतंत्र निधी नव्हता, नव्या अधिकाऱ्याने त्या चालवल्याच पाहिजेत असे बंधन नव्हते. ज्याला त्यात रस, त्याच्या काळात बैठका. ज्याला नाही, त्याच्या काळात नुसती यादी. यादी जुनी होत जाते. त्यातली माणसे वारतात, मुंब्र्याला किंवा कल्याणला राहायला जातात, आणि रिकाम्या जागांवर हळूहळू पुन्हा पुढारी येऊन बसतात.

५ जुलै २००६ रोजी निजामपुरा भागात पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद पेटला. जागा कब्रस्तानालगतची होती. आंदोलनाला हिंसक वळण लागले. पोलीस गोळीबारात दोघांचा मृत्यू झाला, त्यानंतर जमावाने दोन पोलिसांची हत्या केली. हा हिंदू-मुस्लिम दंगा नव्हता. संघर्ष पोलीस आणि वस्ती यांच्यातला होता. म्हणूनच तो अधिक बोलका आहे. ज्या शहरात पोलीस आणि वस्ती एका सतरंजीवर बसून नळाची भांडणे मिटवत होते, तिथेच अठरा वर्षांनी पोलीस ठाण्याची जागा हा विषय बोलून सुटू शकला नाही.

योगायोग असा, की त्याच वर्षी २२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे निर्देश दिले. पोलीस ठाण्याचे प्रमुख आणि जिल्ह्याचे अधीक्षक यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ मिळावा, हा त्यातला एक. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट २००७ रोजी, तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटवण्यासाठी समिती, त्यासाठी शासन निर्णय, गुणांकन, बक्षिसाची रक्कम असे सगळे त्यात होते. म्हणजे भिवंडीत जे नव्हते ते कागद इथे होते. मोहीम मात्र खेड्यांसाठी होती.

विजेचा प्रयोग काय होता?

निजामपुऱ्याच्या घटनेनंतर सहा महिन्यांनी, २६ जानेवारी २००७ रोजी, त्याच भिवंडीत दुसरा प्रयोग सुरू झाला. त्याला ना मोहल्ला लागत होता ना सतरंजी. लागत होता एक करार.

जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम ‘महावितरण’कडे आले. भिवंडी हे नव्या कंपनीचे मोठे दुखणे होते. तारांवर आकडे, जळणारी रोहित्रे, तासन्‌तासांचे भारनियमन आणि थकलेली बिले. एकूण तांत्रिक व वाणिज्यिक हानी ५८ टक्क्यांच्या आसपास होती. सोप्या भाषेत, १०० रुपयांची वीज भिवंडीत पाठवली तर तिजोरीत ४२ रुपये परत येत. उरलेली काही तारांत उष्णता होऊन जाई, काही चोरीला जाई, आणि काहीचे बिल निघे पण वसूल होत नसे.

वीज कायदा, २००३ ने वितरण परवानाधारकाला आपल्या भागात ‘फ्रँचायझी’ नेमण्याची मुभा दिली होती. महावितरणने निविदा काढून भिवंडी मंडळाचे काम टोरेंट पॉवर या कंपनीला दहा वर्षांसाठी दिले. या प्रकारचा हा देशातला पहिला करार मानला जातो.

यातली खुबी कराराच्या रचनेत आहे. हे खासगीकरण नव्हते. तारा, उपकेंद्रे, परवाना महावितरणचेच राहिले. ग्राहकाचा दर वीज नियामक आयोगच ठरवणार. कंपनीने फक्त भिवंडीच्या वेशीवर जितकी वीज घेतली, तितक्या सगळ्या युनिटांचे पैसे बोलीत ठरलेल्या दराने महावितरणला द्यायचे. आत किती गळली, किती चोरीला गेली, हा तिचा प्रश्न. आधीच्या पद्धतीत गळती झाली तर नुकसान सरकारचे, म्हणजे कोणाचेच नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक गळके युनिट कंपनीच्या खिशातून जाऊ लागले. मग मीटर बदलले गेले, रोहित्रे वाढली, तारा नव्या झाल्या, चोरीच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. काही वर्षांत हानी २० टक्क्यांच्या आसपास आली. रोहित्र जळणे, जे आधी नित्याचे होते, ते अपवाद बनले.

मागवाल्याच्या दृष्टीने याचा अर्थ साधा होता. माग चालू राहिला. २०१७ मध्ये कराराला आणखी दहा वर्षांची मुदतवाढ मिळाली.

औरंगाबाद, नागपूर, जळगावात तोच करार का फसला?

भिवंडीचे आकडे पाहून महावितरणने २०११ मध्ये तीन शहरे फ्रँचायझीकडे दिली. औरंगाबाद जीटीएलकडे, नागपूरचा काही भाग स्पॅन्कोकडे, जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्हजकडे. औरंगाबादचा करार २०१४ मध्ये संपुष्टात आला, जळगावचा २०१५ मध्ये. नागपुरात मूळ कंपनीची जागा एस्सेल समूहाने घेतली, तरी सप्टेंबर २०१९ मध्ये काम पुन्हा महावितरणकडे आले. थकबाकी, तोटा आणि परस्परांवरील आरोप हा तिन्ही ठिकाणचा शेवट.

करार जवळपास तोच, मग फरक कशात? एक कारण गणिताचे. ५८ टक्के गळती २० वर आणणे कठीण असले, तरी त्यात मिळकतीला भरपूर वाव असतो. जिथे गळती मुळातच कमी, तिथे कंपनीने बोलीत चढा दर लावला, की हाती काही उरत नाही. दुसरे कारण ग्राहकांचे. भिवंडीत विजेचा मोठा वाटा यंत्रमागांचा. वीज नीट मिळाली तर धंदा वाढतो, म्हणून बिल भरण्यात त्यांचा स्वार्थ होता. शिवाय यंत्रमागांच्या सवलतीच्या दराचा काही भार राज्य सरकार उचलते. तिसरे कारण अनुभवाचे. टोरेंटने त्याआधीच अहमदाबाद आणि सुरतचे वितरण हाती घेतले होते, आणि सुरत हेही मागांचेच शहर. इतर ठिकाणी निविदेत दर पाहिला गेला, पण हे शहर या कंपनीला कितपत समजते, हे निविदेच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

तरीही मार्च २०२० मध्ये शीळ-मुंब्रा-कळवा टोरेंटकडे आणि मालेगाव कोलकात्याच्या सीईएससी समूहाकडे सोपवले गेले. मालेगावही यंत्रमागांचे शहर आहे, हा योगायोग नाही.

ग्राहकाने दाद कोणाकडे मागायची?

विजेच्या प्रयोगाची ही दुखरी बाजू. मीटर वेगाने फिरते, बिल अवाच्या सवा येते, चोरीचा ठपका ठेवला जातो, अशा तक्रारी भिवंडीत वर्षानुवर्षे झाल्या, मोर्चे निघाले. कंपनी म्हणते मीटर तपासलेले आहे. महावितरण म्हणते दैनंदिन कारभार कंपनीचा आहे. दर आयोग ठरवतो. सवलत मंत्रालय देते. कायद्यात ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, वीज लोकपाल आहे, पण झोपडीत एक पंखा आणि दोन दिवे असलेल्या माणसाला हा जिना चढता येतो का?

सुकाणू धरण्याच्या कल्पनेत हा धोका अंगभूत आहे. काम बाहेर दिले की काम करणारा आणि उत्तर देणारा वेगळे होतात. भिवंडीकराला ते एकट्या विजेत दिसत नाही. पाणी ‘स्टेम’ प्राधिकरण आणि मुंबई महापालिकेकडून येते, ते शहरात वाटते भिवंडी-निजामपूर महापालिका. शहराबाहेरच्या गोदामांच्या गावांचे नियोजन एमएमआरडीएकडे, महामार्ग तिसऱ्याकडे, मेट्रो पुन्हा एमएमआरडीएकडे, पोलीस ठाणे आयुक्तालयाचे. प्रत्येकाचे सुकाणू वेगळे, नाव मात्र एकच आणि त्यात बसलेली माणसेही तीच.

हे वर्गात कसे शिकवले जाते?

विल्सन यांनी १८८७ मध्ये प्रशासन हा राजकारणाहून वेगळा अभ्यासविषय आहे, असे मांडले. भारतात या विषयाचा जुना ठिकाणा महाराष्ट्रातच आहे: नागपूर विद्यापीठाने १९४९ च्या सुमारास लोकप्रशासन आणि स्थानिक स्वराज्य यांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. त्याही आधी, १९२६ मध्ये, मुंबईत अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था स्थापन झाली. नगरपालिकांतील अनेक कर्मचाऱ्यांनी तिथल्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे घेतली आहेत. सेवेत आलेल्या अधिकाऱ्यांसाठी पुण्यात ‘यशदा’ आहे. केंद्राने २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ मंजूर केले; नियमांवर बेतलेल्या प्रशिक्षणाऐवजी भूमिकेवर बेतलेले प्रशिक्षण हा त्याचा दावा.

संस्थांची कमतरता नाही. कमतरता आहे ती गोष्टीच्या उत्तरार्धाची. प्रशिक्षणात आणि परीक्षेच्या नोट्समध्ये भिवंडी आली तर ती सहसा अर्ध्यावर थांबते. मोहल्ला समित्यांची गोष्ट १९९२ ला संपते, २००६ तिच्यात येत नाही. फ्रँचायझीची गोष्ट ५८ वरून २० वर संपते, औरंगाबाद आणि जळगाव दुसऱ्याच कुठल्या तरी प्रकरणात असतात. याला सरकारी गौरवाची पद्धतही काही अंशी जबाबदार आहे. राजीव गांधी प्रशासकीय गतिमानता अभियानासारख्या उपक्रमांत नावीन्यपूर्ण प्रयोगांचा सन्मान होतो, ते योग्यच. पण सन्मान बहुधा प्रयोग ताजा असताना होतो. सत्काराची शाल अंगावर घेतलेला अधिकारी बदलून गेल्यावर दहा वर्षांनी त्या गावात काय उरले, हे पाहायला कोणी जात नाही. विद्यार्थ्याला मग असे वाटते, की प्रशासन म्हणजे धडाडीच्या अधिकाऱ्याची चांगली कल्पना.

खोपडे धडाडीचे होते यात वाद नाही. पण परीक्षेत विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. बदलीचा आदेश हातात पडलेल्या उपायुक्ताने त्या सत्तर समित्यांचे काय करून जायला हवे होते? विश्वस्त संस्था, जशी मुंबईत झाली? शासन निर्णय, जसा तंटामुक्तीला होता? की महापालिकेच्या प्रभागांशी जोडणी? प्रत्येक उत्तराची किंमत आहे. शासन निर्णय आला की गुणांकन येते, गुणांकन आले की खोट्या नोंदी येतात. विश्वस्त संस्था झाली की तिचे राजकारण सुरू होते. प्रभागाशी जोडले की नगरसेवक खुर्चीवर बसतो. दहा गुणांच्या उत्तरात हे मावत नाही, पण तीस वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न अधिकाऱ्याला अनेकदा पडतो.

आता पुढे काय?

टोरेंटच्या कराराची वाढीव मुदत जानेवारी २०२७ पर्यंतची आहे. मुदत वाढवायची, नव्याने निविदा काढायची की काम महावितरणने परत घ्यायचे, हा निर्णय म्हणजे या सगळ्या धड्यांची प्रत्यक्ष परीक्षा. वीस वर्षांपूर्वी गळती ५८ टक्के होती, तेव्हा करारात गळतीला केंद्रस्थानी ठेवणे बरोबर होते. आज ग्राहकाच्या तक्रारीला किती दिवसांत उत्तर मिळाले, मीटरची तपासणी त्रयस्थाने केली का, आणि काम परत घ्यायचे ठरले तर महावितरणकडे या शहराचे जाळे चालवणारी माणसे उरली आहेत का, हे प्रश्न करारात यायला हवेत. शेवटचा प्रश्न विशेष. वीस वर्षे वल्ही हातात न घेतलेल्याला ती मारता येत नाहीत. नागपूरमध्ये काम परत घेताना सरकारी कंपनीकडे मनुष्यबळ असावे लागते, हे दिसून आले आहे.

पोलिसांच्या बाजूला अशी कोणतीही तारीख नाही, कारण तिथे करारच नव्हता. सणांच्या आधी पोलीस ठाण्यांत आजही बैठका होतात. अनेक ठिकाणी त्यांना मोहल्ला समितीच म्हणतात. समोर खुर्च्या मांडलेल्या असतात, पहिल्या रांगेत कोण बसणार हे ठरलेले असते, भाषणे होतात, चहा होतो. अफवा आता रात्री अकराला धावत येणाऱ्या माणसाची वाट पाहत नाही, ती प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवर येते. पलीकडच्या गल्लीत विचारायचे कोणाला, एवढे माहीत असणे पूर्वीइतकेच गरजेचे आहे. त्यासाठीची यादी पुन्हा करायची तर ती कोणत्या खात्याने, कोणत्या शीर्षाखालच्या पैशातून आणि किती वर्षांसाठी करायची, हे कुठल्याही कागदावर लिहिलेले नाही.